एडीएचडी आणि चिंता एकत्र असताना: तपासणी आणि उपचार कोणत्या क्रमाने करायचे

"झोप लागत नाही, छातीत धडधडतं, ऑफिसचं काम अंगावर येतं." डॉक्टरांसमोर एवढंच सांगितलं तर चिंतेचं औषध मिळतं. त्यात डॉक्टरांचं काही चुकत नाही, कारण त्यांच्यापुढे तेवढंच आलेलं असतं. दोन महिन्यांत धडधड कमी होते. न उघडलेले मेल मात्र तसेच राहतात, विम्याचा हप्ता याही वेळी चुकतो, आणि "औषध लागू पडलं नाही" असं म्हणून माणूस ते परस्पर बंद करतो. याच्या उलटही घडतं. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून "मला एडीएचडीच आहे" असं ठरतं (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलता आणि उतावळेपणा यांचा लहानपणापासूनचा विकार), मनातली जुनी भीती कुणाला सांगितलीच जात नाही, आणि मग एडीएचडीची गोळी सुरू झाल्यावर घालमेल वाढली की सगळेच गोंधळतात.

दोन्ही वाटांवर एकच चूक होते: "हे की ते?" असा प्रश्न विचारला जातो. अमेरिकेत प्रौढांची एक राष्ट्रीय पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात एडीएचडी असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के जणांना त्याच वर्षात एखादा चिंताविकारही होता. म्हणून विचारायचे प्रश्न दोन: दोन्ही आहेत का, आणि आधी कोणतं आलं? त्यांची उत्तरं मिळवण्याचा क्रम पुढे दिला आहे. तो अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. लहान मुलांची तपासणी वेगळ्या पद्धतीने होते.

आधी हे वाचा: जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर खालचे टप्पे बाजूला ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा (चोवीस तास, मोफत, मराठीतही) किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. तपासणी नंतर होईल.

## टप्पा १: दोन आठवडे प्रसंग लिहून काढा

"माझं लक्ष लागत नाही" या वाक्यातून निदान होत नाही. लक्ष न लागणं एडीएचडीत असतं, चिंतेत असतं, नैराश्यात असतं आणि नुसत्या जागरणातही असतं. व्यापक चिंताविकाराच्या (अनेक गोष्टींची सततची, न आवरणारी काळजी) निकषांत सहा लक्षणं आहेत: अस्वस्थपणा, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं. यातली बहुतेक एडीएचडी असलेला माणूसही स्वतःबद्दल सांगेल. फरक लक्षणाच्या नावात सापडत नाही, तो प्रसंगाच्या तपशिलात सापडतो.

म्हणून रोज एक किंवा दोनच प्रसंग लिहा. प्रत्येकाखाली चार ओळी पुरतात:

1. काय करायचं होतं आणि काय झालं.
2. त्या क्षणी मन नेमकं कुठे होतं.
3. शरीरात काय जाणवलं.
4. आधी विसर पडला की आधी भीती वाटली.

चौथी ओळ सगळ्यात मोलाची आहे. समजा, विजेचं बिल थकलं. बिल आलं, टेबलावर ठेवलं, डोळ्यांआड झालं आणि तारीख उलटल्यावर आठवलं. मग पोटात गोळा आला. इथे विसर आधी आला, भीती मागून आली. आता दुसरा माणूस घ्या. त्याला बिल रोज आठवतं, पण "खात्यात पुरेसे पैसे नसले तर? रक्कम चुकीची भरली तर?" या विचाराने तो ॲप उघडतच नाही. इथे भीती आधी आली. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांचं बिल सारखंच थकलेलं दिसतं.

आणखी काही ठिकाणी हा फरक चांगला कळतो. मेल चार वेळा वाचला, पण का? पहिल्या तीन वेळी डोळे फिरले आणि डोक्यात काहीच शिरलं नाही म्हणून, की सगळं समजूनही "काही चुकीचं तर लिहिलं नाही ना" ही खात्री होत नव्हती म्हणून? मीटिंगमध्ये मन भरकटलं ते कुठे गेलं? चिंतेत ते फिरून फिरून त्याच दोन-चार धास्तींपाशी येतं. एडीएचडीत ते कुठेही जातं, खिडकीबाहेरच्या क्रेनपासून रविवारच्या बेतापर्यंत, आणि त्यात दुःखाचं काही असेलच असं नाही. रात्री झोप न येण्याचंही तसंच. उद्याच्या विचाराने छाती भरून येते, की रात्री अकरा वाजता एकदम तरतरी येऊन कपाट आवरायला घेतलं जातं?

एक प्रयोगही करून पाहा. टाळलेलं काम घेऊन घरच्या कुणाला नुसतं शेजारी बसायला सांगा. त्यांनी मदत करायची नाही, बोलायचं नाही. काम पटकन मार्गी लागलं तर तसं लिहा. ते शेजारी असल्याने उलट "हे बघतायत" असं दडपण आलं, तर तेही लिहा. याने निदान होत नाही. डॉक्टरांना मात्र ही नोंद उपयोगी पडते.

इथे होणारी चूक: पहिल्या तीन दिवसांत पानंच्या पानं लिहायची आणि चौथ्या दिवसापासून वही गायब. एडीएचडी असेल तर हे होणारच, म्हणून वही ठेवूच नका. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच आवाजी निरोप पाठवा. अर्धा मिनिट पुरतं. दिवस चुकले तर भरून काढू नका, पुढचा प्रसंग घ्या.

तपासा: पंधरवड्यात आठ-दहा प्रसंग जमले का? त्यात किमान एक घरचा आणि एक कामाचा आहे का? एडीएचडीच्या निदानासाठी अडचण किमान दोन ठिकाणी दिसावी लागते. एकाच साहेबासमोर, एकाच विषयात गोंधळ होत असेल तर कारण बहुधा दुसरीकडे आहे.

## टप्पा २: बारा वर्षांच्या आधीचा पुरावा गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. लोक नेमका हाच गाळतात, आणि दोन आजार एकमेकांत मिसळलेले असतात तेव्हा ते सुटे करायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. चिंताविकार कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो: दहावीच्या वर्षी, नोकरी गेल्यावर, बाळंतपणानंतर. एडीएचडी तिशीत नव्याने सुरू होत नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार त्याची काही लक्षणं बारा वर्षांच्या आधी दिसलेली असावी लागतात. सतरा आणि त्यावरच्या वयाच्या व्यक्तीत लक्ष न टिकण्याच्या नऊपैकी किमान पाच, किंवा चंचलता-उतावळेपणाच्या नऊपैकी किमान पाच लक्षणं आजही असावी लागतात. तेव्हा "चौथीत मी कसा होतो, कशी होते" याचं उत्तर आजच्या धडधडीपेक्षा जास्त सांगून जातं.

काय शोधायचं. जुनी प्रगतिपुस्तकं, त्यातही गुणांपेक्षा शेऱ्याचा रकाना. "हुशार आहे पण लक्ष देत नाही", "अक्षर सुधारावे", "गृहपाठ अपूर्ण", "वर्गात फार बोलतो" असे शेरे वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या शिक्षकांच्या हातचे असतील तर फोटो काढून ठेवा. अर्धवट सोडलेल्या वह्या चालतील. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत शेवटचं पान उलटायचंच राहिलं, अशी घरात सांगितली जाणारी गोष्टही चालेल.

कुणाला विचारायचं. आई, बाबा, मोठी ताई, ज्यांच्या घरी मे महिना जायचा ती मावशी किंवा आत्या. "आई, मला लहानपणी एडीएचडी होता का गं?" असं विचारलं तर "काहीतरीच काय, चांगला पहिल्या दहांत यायचास," असं उत्तर येईल आणि तिथेच विषय संपेल. आजाराचं नाव न घेता प्रसंग विचारा:

"आई, मी तिसरी-चौथीत असताना डबा, छत्री किती वेळा हरवायचो?"
"अभ्यासाला कोण बसायचं माझ्याजवळ? कोणी नसलं तर व्हायचा का?"
"दुकानात पाठवलं की सांगितलेलं सगळं आणायचो का?"
"मी भित्रा होतो का गं? शाळेत जायला रडायचो? रात्री एकटा झोपायचो?"

शेवटचा प्रश्न चिंतेसाठी आहे, तो विसरू नका. चिंतेलाही बालपण असतं.

चांगले गुण म्हणजे एडीएचडी नाही, असं समजू नका. आई रोज संध्याकाळी शेजारी बसून अभ्यास घ्यायची, दप्तर बाबा भरायचे, शाळा हाकेच्या अंतरावर होती. अशा घरात मुलाची अडचण झाकली जाते. मग अकरावीला दुसऱ्या शहरात, वसतिगृहात किंवा पहिल्या नोकरीत तो आधार सुटतो आणि सगळं एकदम कोसळतं. तेव्हा आलेली चिंता नवी असते, खालचा वेंधळेपणा जुना. मुलींच्या बाबतीत आणखी जपून पाहा. गोंधळ न घालता खिडकीशी बसून स्वतःच्याच तंद्रीत असलेल्या मुलीबद्दल शिक्षक तक्रार करत नाहीत. तिच्या प्रगतिपुस्तकावर "शांत व आज्ञाधारक" लिहिलेलं असतं.

आणि उलटही बघा. घरात दारू, मारहाण किंवा सततची भांडणं असतील तर मूल कायम सावध राहतं आणि वर्गात त्याचं लक्ष लागत नाही. ते एडीएचडीसारखंच दिसतं. हे सांगायला जड जातं, तरी डॉक्टरांना सांगा. घरच्यांसमोर नको असेल तर एकट्याने भेटण्याची वेळ मागा.

तपासा: एका ओळीत लिहिता येतंय का: "विसराळूपणा, धांदरटपणा अमुक वयापासून, काळजी, धडधड अमुक वयापासून"? ही दोन वयं म्हणजे तुमच्या केसपेपरवरची पहिली ओळ.

## टप्पा ३: शरीराची कारणं आधी बाजूला काढा

हे थोडक्यात. नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायचं का, ते विचारा. थायरॉइड वाढलेला असेल तर धडधड, घाम, हात थरथरणं हे सगळं चिंतेसारखं दिसतं. रात्री जोरात घोरत असाल आणि सकाळी डोकं जड असेल तर तेही सांगा, कारण झोपेत श्वास अडखळत असेल तर दिवसा लक्ष लागत नाही. दम्याचा पंप आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही धडधड होते.

चहा-कॉफीचे कप मोजा. तंबाखू, सिगारेट, दारू यांचा हिशेब खरा सांगा. एडीएचडी असलेली बरीच माणसं नकळत चहावर किंवा सिगारेटवर दिवस ढकलत असतात, आणि त्यातून धडधड वाढते.

सावधान: एडीएचडी ओळखणारी रक्ततपासणी नाही. मेंदूच्या स्कॅनवरूनही हे निदान होत नाही. "ब्रेन मॅपिंग करून एडीएचडी सांगतो" अशा महागड्या पॅकेजवर खर्च करू नका. निदान होतं ते सविस्तर मुलाखतीतून.

## टप्पा ४: प्रश्नावल्या भरा, पण भेटीच्या आधी आणि जपून

दोन प्रश्नावल्या सर्वाधिक वापरात आहेत. एडीएचडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली एएसआरएस: १८ प्रश्न, त्यातले पहिले सहा चाळणीचे, विचार मागच्या सहा महिन्यांचा. चिंतेसाठी जीएडी-७: सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१, विचार मागच्या दोन आठवड्यांचा. तिच्यात ५, १० आणि १५ हे सौम्य, मध्यम आणि तीव्र चिंतेचे टप्पे धरतात.

यात एक खाच आहे. जीएडी-७ मध्ये निवांत होता न येणं, एका जागी बसवत नाही इतकी चुळबुळ, आणि पटकन चिडणं यांचे प्रश्न आहेत. मनात कसलीही काळजी नसलेला एडीएचडीचा माणूसही या तिघांवर सहज सहा-सात गुण मिळवेल. तसंच एएसआरएसमध्ये डोकं लावायची कामं टाळण्याबद्दल प्रश्न आहे. चिंतेने ग्रासलेला माणूस तिथे "फार वेळा" असंच लिहील. म्हणून नुसत्या बेरजेला महत्त्व देऊ नका. प्रत्येक "हो"च्या पुढे टप्पा १ मधला एक प्रसंग लिहा. प्रसंग सापडला नाही तर उत्तर पुन्हा तपासा.

भरायची वेळही निवडा. परीक्षेच्या, अप्रेझलच्या किंवा घरातल्या आजारपणाच्या आठवड्यात जीएडी-७ भरली तर आकडा फुगतो.

सावधान: आकडा म्हणजे निदान नाही. "माझा १४ आला, म्हणजे मला चिंताविकार आहे" असं म्हणत दवाखान्यात शिरू नका. आकडा डॉक्टरांच्या हाती द्या आणि प्रसंग तोंडाने सांगा.

## टप्पा ५: योग्य व्यक्तीकडे जा आणि पहिली दोन मिनिटं नीट वापरा

औषध लिहून देऊ शकतात ते मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. सविस्तर मानसशास्त्रीय तपासणी आणि थेरपी करतात ते चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते, ती विचारायला संकोच करू नका. समुपदेशकांची मदत होते, पण एडीएचडीचं निदान त्यांच्यावर सोपवू नका.

खासगी फी परवडत नसेल तर सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, शीव आणि नायर ही काही ठिकाणं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो. गर्दी असते, वेळ कमी मिळतो. म्हणूनच आधीची तयारी तिथे जास्त उपयोगी पडते. जाण्याआधी फोन करून विचारा: "तुमच्याकडे प्रौढांचा एडीएचडी पाहतात का?" काही ठिकाणी तो फक्त मुलांच्या विभागात पाहिला जातो.

सोबत न्यायचं: एका पानाचा सारांश, प्रगतिपुस्तकाचे फोटो, भरलेल्या प्रश्नावल्या, चालू औषधांची यादी (आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिकसह), जुने रिपोर्ट, आणि शक्य असेल तर लहानपणापासून ओळखणारं घरचं माणूस. ते येऊ शकत नसतील तर फोनवर उपलब्ध राहायला सांगा.

पहिली दोन मिनिटं अशी वापरा:

"डॉक्टर, मला दोन वेगळ्या तक्रारी आहेत. विसरणं आणि कामं अर्धवट राहणं शाळेपासून आहे, हे शेरे बघा. धडधड आणि काळजी पहिल्या नोकरीपासून, म्हणजे चोविसाव्या वर्षापासून आहे. दोन्हींची तपासणी व्हावी असं मला वाटतं."

"मला कॉन्सर्टा लिहून द्या" अशी, एडीएचडीच्या गोळीचं नाव घेऊन, सुरुवात करू नका. ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते आणि उरलेली भेट त्या शंकेत जाते.

न विचारताही सांगायच्या गोष्टी: घरात कुणाला कमी वयात हृदयविकार किंवा अचानक मृत्यू, स्वतःचा रक्तदाब, काचबिंदू, फिट, कधी काळी चार-पाच दिवस झोप न घेताही भरपूर उत्साह, वारेमाप खर्च, सुसाट बोलणं, नशेचे पदार्थ, गरोदरपण किंवा त्याचा विचार. यातली उत्साहाची गोष्ट लोक तक्रार म्हणून सांगतच नाहीत. पण ती द्विध्रुवी (बायपोलर) विकाराची खूण असू शकते, आणि तसं असेल तर औषधांचा सगळा क्रमच बदलतो.

तपासा: भेटीतून बाहेर पडण्याआधी तीन उत्तरं मिळाली का? सध्या कशावर उपचार करतोय, फरक किती दिवसांत दिसायला हवा, आणि दुसऱ्या तक्रारीचा विचार केव्हा करणार. "आधी चिंता बघू" हे उत्तर रास्त असू शकतं. "मग लक्षाचं केव्हा बघायचं?" एवढं विचारून तारीख घ्या. बालपणाबद्दल एकही प्रश्न न विचारता "मोठ्यांना एडीएचडी नसतो" असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या.

## टप्पा ६: उपचार एका वेळी एक

साधारण नियम असा, की जे जास्त अडवतंय त्यावर आधी उपचार. पॅनिकचे झटके येऊन घराबाहेर पडता येत नसेल, खोल नैराश्य असेल, व्यसन असेल, तर ते आधी. चिंता मध्यम आहे आणि ती मुख्यतः राहिलेल्या कामांतूनच येते आहे असं टप्पा १ च्या नोंदींत दिसत असेल, तर डॉक्टर एडीएचडीपासून सुरुवात करू शकतात. कामं वेळेवर होऊ लागली की अशी चिंता बऱ्याचदा आपोआप ओसरते. निर्णय डॉक्टरांचा. तुमचं काम क्रम पाळण्याचं.

चिंतेची औषधं. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढूही शकते. त्यांनी एडीएचडी जात नाही, म्हणून "काळजी गेली पण पसारा तसाच" असं झालं तर औषध फसलं असं समजू नका. या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखं होतं.

मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या घरोघरी सापडतात. त्यांनी तासाभरात शांत वाटतं, हे खरं. पण त्या लक्ष आणि स्मरणशक्ती आणखी मंदावतात आणि त्यांची सवय लागते. आधीच विसराळू असलेल्या माणसाला त्या दुप्पट महाग पडतात. आधीपासून घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. रोज घेत असलेली गोळी एका दिवसात थांबवणं धोक्याचं असतं, ती हळूहळू कमी करावी लागते.

मिथाइलफेनिडेट. हे एडीएचडीचं उत्तेजक औषध. साध्या गोळीचा परिणाम तासाभराच्या आत सुरू होतो आणि तीन-चार तास टिकतो. लांब चालणारे प्रकारही आहेत. भारतात हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत, येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, आणि प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्यूल एक्समधली औषधं ऑनलाइन सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष भेटीचं नियोजन करा आणि गोळ्या संपण्याच्या पाच-सहा दिवस आधीचा गजर आजच लावा. अमेरिकेत राहणाऱ्या भावाकडून ॲडरॉल ही तिथली एडीएचडीची गोळी मागवू नका. ते ॲम्फेटामिन आहे आणि इथे कायद्याच्या कचाट्यात अडकाल.

"मिथाइलफेनिडेटने चिंता वाढतेच" हा समज पूर्ण खरा नाही. मुलांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा, सरासरीने, उत्तेजक औषध घेणाऱ्यांत चिंता वाढल्याचं दिसलं नाही, उलट ती कमी होती. तरी काही जणांना त्रास होतो. तो ओळखायचा असा: धडधड गोळी घेतल्यावर ठरावीक वेळाने येते आणि परिणाम उतरला की जाते का? की रविवारी, गोळी न घेताही, सोमवारच्या विचाराने येते? घड्याळातली वेळ लिहून डॉक्टरांना द्या. डोस कमी करणं, प्रकार बदलणं किंवा नुसता सकाळचा दुसरा चहा बंद करणंही पुरू शकतं.

ॲटोमॉक्सेटिन. हे उत्तेजक नाही. चिंता सोबत असताना बरेच डॉक्टर याचा विचार करतात. परिणामाला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणून दहाव्या दिवशी निराश होऊ नका. फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन (एस्सिटॅलोप्रामच्याच गटातल्या गोळ्या) चालू असेल तर शरीरात ॲटोमॉक्सेटिनचं प्रमाण वाढतं, आणि डोस जपून ठरवावा लागतो. दोन वेगळ्या डॉक्टरांकडून दोन औषधं घेत असाल तर ही गोष्ट हमखास सुटते. दोघांनाही पूर्ण यादी दाखवा.

इथे होणारी मोठी चूक: एकाच आठवड्यात नवी गोळी, व्यायाम, चहा बंद आणि ध्यानाचं शिबिर. मग बरं वाटलं किंवा बिघडलं तर कशामुळे, ते कुणालाच कळत नाही. एक बदल करा, डॉक्टरांनी सांगितलेला अवधी जाऊ द्या, मग पुढचा.

तपासा: औषध सुरू करण्याआधी आणि नंतर ठरल्याप्रमाणे नाडी, रक्तदाब, वजन मोजलं जातंय का? झोप आणि भूक यांची आठवड्यातून एकदा नोंद होतेय का?

## टप्पा ७: चिंता उतरण्याच्या आधी दुसरा आधार उभा करा

इथे बहुतेक जण फसतात, आणि याबद्दल त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं.

एडीएचडी असलेल्या कित्येकांनी आयुष्यभर भीतीवरच काम केलेलं असतं. शेवटच्या रात्री घाम फुटेपर्यंत काम सुरूच होत नाही. घरातून निघताना कुलूप तीन वेळा ओढून पाहिलं जातं, कारण दोनदा ते खरोखर उघडं राहिलेलं असतं. उपचाराने भीती उतरली की ही सगळी यंत्रणा एकदम थांबते. माणूस निवांत होतो आणि कामं आणखी मागे पडतात. मग घरचे म्हणतात, "गोळीने आळशी झालास." म्हणून चिंतेचं औषध सुरू होतं त्याच पंधरवड्यात पुढच्या गोष्टी उभ्या करा. हा नवा उपचार नाही, वरच्या नियमाला त्याने बाधा येत नाही.

1. एकच यादी, एकच जागा. फोनमधली नोंद किंवा स्वयंपाकघरातला फळा, काहीही चालेल. दोन नकोत.
2. काम नको, पहिली हालचाल लिहा. "रिटर्न भरणे" असं न लिहिता "फॉर्म १६ चा मेल शोधून उघडणे".
3. साचलेला ढीग दोन दिवसांत विभागा. पहिल्या दिवशी फक्त पाकिटं आणि मेल उघडायचे, उत्तर द्यायचं नाही. तातडीचं, नंतरचं, टाकून द्यायचं अशा तीन गठ्ठ्यांत लावायचं. दुसऱ्या दिवशी तातडीचं एक. उघडणं आणि निपटणं एकत्र केलं की भीती पुन्हा जिंकते.
4. कुणाला तरी शेजारी बसवा. टप्पा १ मधला प्रयोग जमला असेल तर आठवड्यातले दोन तास ठरवून टाका. मित्र व्हिडिओ कॉलवर आपलं काम करत बसला तरी चालतं.
5. काळजीला वेळ द्या. संध्याकाळी पंधरा मिनिटं. दिवसभरात काळजी आली की एका शब्दात लिहून ठेवायची आणि त्या वेळी पाहायची. लिहिल्याशिवाय हे जमत नाही, कारण काय आठवायचं होतं तेच आठवत नाही.

थेरपी घेत असाल तर थेरपिस्टना एडीएचडीबद्दल आधीच सांगा. चिंतेसाठी दिला जाणारा गृहपाठ लांबलचक असतो. तो राहिला की अपराधी वाटतं आणि माणूस पुढच्या सत्राला जातच नाही. गृहपाठ लहान करून मागा, सत्रातच गजर लावा. डोळे मिटून अर्धा तास बसणं जमत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. चालताना पावलं मोजणं जमेल.

घरच्यांसाठी एकच विनंती. "आठवण करून दिली तर रागावतो" अशी तक्रार असेल तर आठवणीची वेळ आणि शब्द दोघांनी मिळून आधी ठरवा. "लाइट बिल?" एवढे दोन शब्द, रात्री जेवणानंतर. त्यापुढे भाषण नको. भाषणाने चिंता वाढते, आणि चिंता वाढली की आधी निसटते ती आठवणच.

## टप्पा ८: तीन महिन्यांची भेट

या भेटीला टप्पा १ पुन्हा करून जा: एक आठवडा, पाच-सहा प्रसंग, तीच चौथी ओळ. जीएडी-७ आणि एएसआरएसही पुन्हा भरा, पण बेरजेपेक्षा कोणता प्रश्न किती हलला ते पाहा. काळजीचे प्रश्न खाली आले आणि चुळबुळीचा तिथेच असेल, तर एडीएचडीच्या बाजूचं काम बाकी आहे. कामं होतायत पण रात्रीची धास्ती तशीच असेल, तर चिंतेवर वेगळा उपचार हवा. दोन्ही जागचे हलले नसतील तर आधी विचारायचा प्रश्न हा, की गोळ्या खरोखर रोज घेतल्या गेल्या का. विसरल्या असतील तर आकड्यासकट सांगा: "तीसपैकी अंदाजे अकरा चुकल्या." हे न सांगितल्याने डोस विनाकारण वाढवला जातो.

मग आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी घ्या, आणि ती औषधांच्या कपाटात न ठेवता चहाच्या डब्याशेजारी ठेवा.